काटा आणि आकडा

बेळगावच्या पावसाळ्यावर लिहिताना आपल्या मासिकात दरवर्षी कोणीतरी धुके, भातशेते आणि गरम भजी यांची आठवण काढतोच. काढू नये असे मी म्हणत नाही. पण येळ्ळूरहून वडगावमार्गे रोज मोटारसायकलने कॉलेजला येणाऱ्या माणसाला जुलै महिन्यात धुके कुठले दिसायला? त्याची नजर रस्त्यावरच्या पाण्यावर असते. डांबराला बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी आत मुरते, वरून विटांचे ट्रॅक्टर जातात, खालची खडी हलते आणि ताटाएवढा खड्डा दोन दिवसांत परातीएवढा होतो. रस्ता कोणत्या खात्याकडे यावर लोकांची चर्चा चालते. खड्डा तेवढ्यात वाढत असतो.

गेल्या पावसाळ्यात समोरून बस आली, तिला वाट द्यायला रस्त्याच्या कडेने जावे लागले आणि पाण्याखालच्या अशाच एका परातीत आमच्या गाडीचे पुढचे चाक गेले. मी पडलो नाही. चाकाचा रिमही सरळ राहिला. पण हँडलवरच्या मीटरचा पट्टा काडकन तुटला, काच तडकली आणि सबंध मीटर वायरी व केबलच्या आधाराने लोंबू लागले. काटा चाळीसवर जाऊन बसला तो गाडी उभी केली तरी चाळीसवरच. न्यूट्रलचा हिरवा दिवा गेला. किलोमीटरचे आकडे ८३,६१७ वर थांबले.

मीटर सुतळीने बांधून घरी आलो. कुठे लागले का, हे आईने विचारले. बाबांनीही ते विचारले, पण त्यानंतरचा त्यांचा प्रश्न होता, "आकडा किती दिसतोय?"

हा प्रश्न समजायला बाबांची वही माहीत पाहिजे. बाबा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. ही शंभर सीसीची गाडी त्यांनी २००९ साली घेतली आणि त्या दिवसापासून पेट्रोल घातले की तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा एका लांबट वहीत लिहायचा, असा नियम केला. त्यावरून ते ॲव्हरेज काढत. ॲव्हरेज घसरले की कार्ब्युरेटर साफ करायची वेळ आली, हे त्यांना गाडीच्या आवाजाआधी वहीतून कळे. पण हळूहळू त्या वहीत पेट्रोलाखेरीज इतर गोष्टीही आल्या. ४१,२०६ या आकड्यापुढे फक्त 'आजीला दवाखान्यात नेले, रात्री' एवढेच लिहिलेले आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गाडी तीन दिवस जागची हलली नाही, त्याची नोंद आहे. मार्च ते मे २०२० या काळात, सगळे घरात बसलेले असताना, गाडी ३१ किलोमीटर चालली; त्यातले बहुतेक औषधांसाठी. आमच्या घरात दुसरी कसली रोजनिशी नाही. कोणती गोष्ट केव्हा झाली यावर वाद झाला की वही काढतात आणि आकडा बघतात.

दुसऱ्या दिवशी गाडी ज्या दुकानात घेतली त्या जातीच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने मीटर हातात न घेताच सांगितले की सुटे भाग मिळत नाहीत, पूर्ण सेट बसवावा लागेल. किंमत अठराशे रुपये आणि मजुरी वेगळी. "आकड्याचं काय?" मी विचारले. "नव्या मीटरला शून्यापासूनच सुरुवात होते." त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती. पण पंधरा वर्षांनी शून्य ही गोष्ट मला बाबांना घरी जाऊन सांगायची होती.

मग आमचे नेहमीचे शहापूरचे मेस्त्री. त्यांनी मीटर कानाजवळ धरून हलवले आणि म्हणाले, "तम्मा, हे माझं काम नव्हे बघ. आत घड्याळ हाय. घड्याळवाल्याकडं जा."

आणि खरोखरच त्यांनी मला एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या आजोबांकडे पाठवले. बोळातले चार फूट रुंद दुकान, भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी सात-आठ घड्याळे. "बर्री, कुंदर्री," म्हणून त्यांनी मला स्टुलावर बसवले, मग माझे बोलणे ऐकून मराठीत आले. बोलायचे माझ्याशी मराठीत, चहावाल्या पोराशी कन्नडमध्ये. आणि स्क्रू मोजताना स्वतःशी पुन्हा 'ओंदु, एरडु, मूरु'. आपल्या मासिकासारखेच, दोन विभाग आणि बांधणी एक.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी मीटरची कडा पातळ पात्याने हलकेच उचकटली, काच काढली, काटा काढला. आत जे दिसले ते पाहून मला, बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला, थोडी गंमत वाटली. पुढच्या चाकाच्या हबमधल्या गिअरने फिरणारी केबल मीटरमध्ये येऊन एक लोहचुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची एक वाटी, वाटीच्या दांड्यावर काटा आणि दांड्याला केसासारखी स्प्रिंग. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवत नाहीत! फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात, ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढतात, स्प्रिंग मागे खेचते, आणि दोघांची ओढाताण जिथे सम होते तिथे काटा थांबतो. वेग दुप्पट तर ओढ दुप्पट. फिरणाऱ्या तांब्याच्या तबकडीमागे चुंबकसुई ओढली जाते हे आरागोने १८२४ च्या सुमारास पाहिले होते. त्याचे कारण १८३१ मध्ये फॅरेडेच्या प्रयोगांनी कळले. आणि १९०२ मध्ये ओटो शुल्झे या जर्मन माणसाने त्यावर वेगमापकाचे पेटंट घेतले. हा सगळा धडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो गेली पंधरा वर्षे बाबांच्या हँडलवर बसलेला होता हे मात्र पुस्तकात नव्हते.

काटा अडकला होता तो वाटीचा दांडा किंचित वाकल्यामुळे आणि बुडाशी चिखलाचे पाणी गेल्यामुळे. आजोबांनी दांडा सरळ केला, गंज पुसला, तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने सोडला. स्प्रिंगला मात्र त्यांनी हात लावला नाही. "हिला हात लावला की काटा खोटं बोलाय लागतोय."

आकड्यांची तऱ्हा वेगळी. तिथे चुंबकाची ओढाताण नाही. दात्यात दाता, चाकात चाक. त्यातल्या एका प्लास्टिकच्या चक्राचे दोन दाते धक्क्याने गेले होते. आजोबांनी टेबलाखालून मोडक्या मीटरांनी भरलेला बिस्किटांचा डबा काढला आणि तीन मीटर उघडून चौथ्यात तसलेच चक्र शोधले. मी भीत भीत विचारले, आकडे हलणार नाहीत ना? त्यांनी भिंगातून वर पाहिले. "लोक माझ्याकडं आकडा कमी करून घ्यायला येतात, गाडी इकायला. मी हाकलून देतो. हाय तो आकडा ठेवा म्हणणारा तूच आलास."

काम व्हायला आठ दिवस लागले, कारण मधे त्यांना ताप आला. घेतले अडीचशे रुपये.

तुटलेला पट्टा बाबांनी स्वतः केला. जुन्या पट्ट्याखालचे रबर वर्षानुवर्षांच्या उन्हाने लाकडासारखे कडक झाले होते, म्हणून खड्ड्याचा हिसका थेट प्लास्टिकला बसला, असे त्यांचे निदान. त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवली, भोके पाडली आणि सायकलच्या ट्यूबचे चार वायसर कापून खाली घातले. हिरव्या दिव्याचा बल्ब मात्र विकत आणला.

मीटर बसवल्यावर परीक्षा घेणे आलेच. ताशी चाळीस म्हणजे एका किलोमीटरला बरोबर नव्वद सेकंद. रस्त्याच्या कडेच्या दोन किलोमीटर-दगडांमध्ये काटा चाळीसवर धरून मी गाडी चालवली आणि मागे बसलेल्या चुलतभावाने मोबाइलवर वेळ मोजली. पहिल्यांदा ९६, दुसऱ्यांदा ९५ सेकंद. म्हणजे खरा वेग साडेसदतीस-अडतीस. काटा थोडा पुढे. गाड्यांचे मीटर असेच थोडे पुढे दाखवणारे असतात. वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवू नये असा नियमच अनेक देशांत आहे. किलोमीटरचा आकडा मात्र दगडापासून दगडापर्यंत बरोबर एकने सरकला.

आमचा एक मित्र हे ऐकून म्हणाला की एवढ्या खटपटीपेक्षा मोबाइल हँडलला बांधला असता तर वेगही कळला असता आणि अंतरही. खरे आहे. आजच्या नव्या गाड्यांतून चुंबक आणि वाटी निघूनही चालली आहेत. चाकाजवळचा सेन्सर आणि पडद्यावरचे आकडे त्यांच्या जागी आले आहेत. मला त्याचे दुःख नाही. पण मित्राला मी ४१,२०६ विषयी काही सांगितले नाही.

मीटर दुकानात होते त्या आठ दिवसांत गाडी बिनमीटरची चालली होती. ते किलोमीटर कुठे धरायचे, हा प्रश्न बाबांना दोन दिवस पडला. आमच्या दारापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत नऊ किलोमीटर. जाऊन येऊन अठरा. आठ दिवसांचे १४४. मी म्हटले, एवढ्याने काय होते? त्यांनी वहीत नवीन पान काढले, पट्टीने उभी रेघ मारली आणि एका रकान्यावर 'मीटर', दुसऱ्यावर 'खरे' असे लिहिले. पहिल्यात ८३,६१७. दुसऱ्यात ८३,७६१. तेव्हापासून पेट्रोल घालून आलो की ते आकडा विचारतात आणि दुसऱ्या रकान्यासाठी १४४ ची बेरीज मला तोंडी करायला लावतात.