जाम झालेला बोल्ट

वडखळचे वारे खारे. धरमतरची खाडी जवळ, भोवती खारजमिनी. भरतीचे पाणी बांधापर्यंत येते आणि त्याची ओल घराच्या कडीकोयंड्यापर्यंत पोचते. मीठ ही ओल धरून ठेवते, म्हणून आमच्याकडे लोखंड लवकर गंजते. पत्रा सडला तर डोळ्यांना दिसतो. बोल्टचे तसे नाही. तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत भोकात जाम होऊन बसतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि भोकात जागा असते कुठे?

आम्हा दोन भावांच्या घरांत मिळून एक जुना ट्रॅक्टर आहे. घेतला तेव्हाच तो दुसऱ्याने वापरलेला होता. स्वतःची शेती जेमतेम. पोट चालते ते भाड्याच्या नांगरणीवर, आणि ती सारी मिरग लागल्यापासून चिखलणी संपेपर्यंतच्या दिवसांत. तेवढ्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला की मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून दुकानाच्या उधारीपर्यंत सगळेच उभे राहते. आणि नेमके मे महिन्यात पुढचे डावे चाक डुगडुगू लागले.

ॲक्सलच्या मधल्या पोकळ तुळईत दोन्ही बाजूंनी एकेक दांडा शिरतो. चाकांतले अंतर कमी-जास्त करता यावे म्हणून त्याला ओळीने भोके असतात आणि तो बोल्टांनी आवळलेला असतो. डाव्या दांड्याचे भोक झिजून लांबट झाले होते. दांडा काढून वेल्डरकडे न्यायचा, तर एक बोल्ट निघाला, दुसरा हलेना.

नाक्यावरच्या मेकॅनिकने एका वाक्यात निकाल दिला, "गॅसने कापून टाका." त्याचेही चूक नव्हते, त्याच्याकडे रांग होती. पण कापताना ज्योत भोकाच्या कडेला लागली तर तुळईच खराब होते, आणि तुळई घेण्याइतके पैसे मे महिन्यात आमच्याकडे कधीच नसतात.

आमचे थोरले काका फिटर होते, आता निवृत्त. ते म्हणाले, "आधी टेकू लावा, मग बोल्टला हात लावा." ही गोष्ट आम्ही वाचकांना मुद्दाम सांगतो. पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो, म्हणून पुढचा भाग उचलला की ट्रॅक्टर कुशीवर कलू शकतो. जॅकचे तेल गळले तर तो हळूच खाली बसतो. आम्ही मागच्या चाकांना पाचरी मारल्या, इंजिनाच्या बुडाखालच्या भक्कम भागाला दोन्ही बाजूंनी जाड ओंडके लावले, आणि मगच चाक काढले. पोरांना लांब बसवले.

पुढचे तीन दिवस कामापेक्षा वाट पाहणेच जास्त. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, डिझेलमध्ये पातळ तेल मिसळून सकाळ-संध्याकाळ सोडायचे, हातोडीने हलके ठोकायचे. ठोकताना नट आट्यांच्या टोकाशी फिरवून ठेवायचा, म्हणजे टोक पसरत नाही.

पाना मात्र बसेना. आयटीआयला जाणारी आमची पुतणी म्हणाली, "काका, हा मिलिमीटरचा नाहीच, सुताचा आहे." पोरीने बरोबर ओळखले. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांची मूळ रचना विलायती, म्हणून बोल्ट इंची. आठ सूत म्हणजे एक इंच. आमचा बोल्ट सहा सुती, त्याचा माथा नऊ सूत, म्हणजे २८.६ मिलिमीटर. २८ चा पाना चढत नाही; ३० चा ढिला बसतो आणि कोपरे खातो. मग नऊ सुती रिंगपाना शेजारच्या आळीतून मागून आणला.

चौथ्या दिवशी गॅस आणला, पण कापायला नव्हे, तापवायला. आधी सांडलेले तेल पुसून घेतले, डिझेलचा डबा दूर नेला, आडोशाला ओली पोती लावली. टायर चढवलेली रिम कधीही तापवू नये. आतली हवा फुगून टायर बॉम्बसारखा फुटतो. ज्योत बोल्टवर न धरता भोवतालच्या लोखंडावर फिरवली. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढते. भोवतालचे लोखंड बोल्टपेक्षा २०० अंश जास्त तापले, तर १९ मिलिमीटरचे भोक ०.०४६ मिलिमीटरने मोठे होते. एवढीशी फट, पण गंजाची पकड सुटायला पुष्कळ झाली. पाणी मारले नाही. आपोआप निवू दिले, कोमट असताना पुन्हा तेल सोडले.

काकांनी पाना आधी आवळायच्या दिशेने रेटला, मग उलट. पान्याला लांब पाईप लावू दिला नाही. तसल्या जोराने माथाच तुटून हातात येतो. बोल्ट रबरासारखा मऊ लागला तर थांबायचे, तो पिळतो आहे असे समजायचे. आमचा 'टक्' असा कोरडा आवाज करून हलला. थोडा पुढे, थोडा मागे, तेल, परत तेच. तास गेला. शेवटी पितळी दांड्याने ठोकत ठोकत बाहेर काढला. मधोमध खाऊन बारीक झालेला.

नवे बोल्ट घेताना माथ्यावरच्या रेघा मोजून घेतल्या. इंची बोल्टावर तीन रेघा म्हणजे मध्यम ताकद, सहा म्हणजे जास्त. कोऱ्या माथ्याचा ॲक्सलला लावू नये. सगळ्यांना अंगभर ग्रीस फासले. दांडा वेल्डरकडून दोन दिवसांनी आला. तेवढ्यात उजव्या बाजूचेही बोल्ट काढून, ग्रीस लावून परत बसवले. ते जाम नव्हते, पण खारे वारे त्या बाजूलाही लागतेच. पहिला पाऊस पडला तेव्हा ट्रॅक्टर खारातल्या शेतावर होता, आणि पुढच्या चार दिवसांचे भाडे ठरलेले होते.