सासूबाईंचे तीस सेकंद

मालाडच्या मीठचौकीला लिंक रोड आणि मार्वे रोड मिळतात. एकीकडे मालाड स्टेशन, दुसरीकडे मालवणी आणि मार्वे. बस, रिक्षा, ट्रक, शाळेची मुले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सारे इथूनच जातात. आमचे घर चौकाच्या अलीकडे. सासूबाईंची धाकटी बहीण पलीकडे राहायची. तिला अर्धांगवायू झाल्यापासून सासूबाई दर रविवारी तिच्याकडे जात. तिची वेणी घालत, तिला दोन घास भरवत.

एका रविवारी त्या अर्ध्या रस्त्यात असताना दिवा बदलला. घाबरून त्या मागे फिरल्या आणि वळणाऱ्या एका गाडीचा धक्का लागून पडल्या. मनगट मोडले. हाड जुळले, पण मनातली भीती गेली नाही. "सूनबाई, हा रस्ता आता माझ्यासाठी नाही गं," असे म्हणून त्यांनी जाणे बंद केले. दोन बहिणींमध्ये फक्त एक रस्ता, पण बोलणे फोनवर! तेही एकीची जीभ जड झालेली.

काही वर्षांपूर्वी या चौकात सुधारणेचा प्रयोग झाला. आधी रंगाचे पट्टे मारून आणि तात्पुरते अडथळे ठेवून कोपरे पुढे आणले, मध्ये उभे राहण्यासाठी जागा केली. आमचे हे रिक्षा चालवतात. पहिल्याच दिवशी रागाने घरी आले. "आधीच एवढा जाम, त्यात रस्ता अरुंद करतात! आम्ही धंदा करायचा कसा?" सासूबाई गप्प बसल्या. मुलाचे चुकले म्हणवत नव्हते, आणि स्वतःचे मनगटही विसरवत नव्हते. मला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. आमच्या घरची चूल त्या रिक्षावरच पेटते.

थोरली मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगची पदविका करीत होती. तिने वही घेतली आणि वडिलांपुढे बसली. "पप्पा, समजा रस्ता २४ मीटर रुंद आहे. इंडियन रोड्स काँग्रेस पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरते. म्हणजे ओलांडायला २० सेकंद. पण आजी सेकंदाला ८० सेंटिमीटर चालते. तिला ३० सेकंद लागतात. उरलेले दहा सेकंद ती गाड्यांसमोर उभी असते."

हे काही बोलले नाहीत. ती पुढे म्हणाली, "आता कोपरे पुढे आणून ओलांडायचे अंतर १८ मीटर केले, तर १५ सेकंद पुरतात. पाच सेकंद वाचले. दोन मिनिटांनी सिग्नल फिरतो असे धरले तर तासात ३० फेऱ्या. तासाला अडीच मिनिटे जास्त हिरवा दिवा तुम्हालाच मिळेल! आणि मध्ये थांबायला जागा असली की आजीला एका वेळी नऊच मीटर चालायचे. बारा सेकंदांत होते."

कोपऱ्यांचेही तिने समजावले. कोपरा ऐसपैस गोल असला की गाडी वेगातच वळते. तो पुढे आणून आवळला की चालकाला वेग कमी करावाच लागतो, आणि कडेला उभा असलेला माणूस त्याला आधी दिसतो.

जाम काही एका दिवसात संपला नाही. गाड्याच तेवढ्या वाढल्या आहेत. पण आठवडाभराने हेच म्हणाले, "माणसे आता कुठूनही धावत येत नाहीत. एका जागी ओलांडतात. ब्रेक कमी मारावे लागतात." पुढच्या रविवारी यांनी रिक्षा बाजूला लावली आणि आईचा हात धरून तिला पलीकडे नेले. त्यानंतर त्या एकट्या जाऊ लागल्या. मावशी पुढे दोन वर्षे जगल्या. जिवाभावाच्या बहिणीचे हात शेवटपर्यंत त्यांच्या डोक्यावरून फिरले, याचे समाधान आम्हाला आहे.

जानेवारी २०२३ मध्ये इथे लिंक रोडवरून मेट्रो धावू लागली, २०२४ मध्ये उड्डाणपूल सुरू झाला. सोय झाली, पण जिना उतरला की माणूस पुन्हा रस्त्यावरच येतो. देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारे होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पादचाऱ्याचा पदपथावरचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पायी चालणारा कोणाची मेहेरबानी मागत नाही, हे आता तरी समजावे.

भगिनींनो, एक दिवस घड्याळ घेऊन तुमच्या चौकात उभ्या राहा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला पलीकडे जायला किती सेकंद लागतात आणि दिवा किती सेकंद देतो, ते मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहून, शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. चौक कोणासाठी बांधला आहे, ते त्या दोन आकड्यांतून कळते.