आत्याचा पानाचा डबा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मराठी बोलणारी घरे आजही आहेत, हे आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. भोसल्यांच्या राज्याबरोबर तंजावरास आलेले आमचे पूर्वज तेथेच राहिले. तिरुवैयारूजवळच्या आमच्या गावी एकीकडे भातशेते, दुसरीकडे पानमळे. आणि माझ्या आत्याच्या उशाशी पितळेचा पानाचा डबा. पान, चुना, सुपारी आणि चिमूटभर तंबाखू असा विडा ती दिवसातून सहा-सात वेळा लावी. माझ्या बालपणाला त्या डब्याचा वास आहे.

मी मुंबईस तोंडाच्या कर्करोगावर संशोधन करते. विडा खाणाऱ्यांच्या गालाच्या आत कधीकधी पांढरा चट्टा उठतो. बहुतेक चट्टे जन्मभर तसेच राहतात. थोडे मात्र कर्करोगाकडे वळतात. कोणता वळेल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून पेशीतील जनुकांत वा प्रथिनांत आधीच उमटणारी एखादी खूण आम्ही शोधत असतो. २०१३ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी आणि नवी मुंबईतील खारघर येथील संशोधकांनी हिरडी व गाल यांच्या कर्करोगात बदललेली जनुके नोंदविली. त्यांत पूर्वी माहीत असलेल्यांखेरीज पाच नवी निघाली. अशा खुणांवरून उद्या चट्ट्यांची निवड करता यावी, एवढ्यासाठी आमचा खटाटोप.

औषधांचेही एक सांगते. आपल्या रोगप्रतिकारक पेशींना कर्करोग लगाम घालतो; तो सोडविणारे निव्होलुमॅब सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या जोडीला, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. डोके व मान यांचा कर्करोग बराच पुढे गेलेल्या त्या रुग्णांपैकी वर्षानंतर हयात असणारे शेकडा १६ होते, ते ४३ झाले. २०२२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी दुसरे बोलणे नव्हते.

गेल्या पोंगलला गावी गेले. पंगतीत आत्या इडलीचे अगदी बारीक तुकडे करून खात होती. "रसम झोंबते गं हल्ली," ती म्हणाली. वय झाले, असे घरात सर्वांनी धरून चालले होते. आणि शेकडो अनोळखी माणसांच्या पेशी काचपट्टीवर न्याहाळलेल्या मीही तसेच धरून चालले होते! सुपारीने गालाचे अस्तर आतून ताठत जाते आणि तोंड उघडेनासे होते. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी या विकाराचे वर्णन केले होते. तंबाखू वगळली तरी एकट्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे मी व्याख्यानांतून सांगत असते. घरी मात्र कधी सांगितले नव्हते.

मी विजेरी आणली. "आत्या, तोंड उघड पाहू."

"तुमच्या मुंबईस यंत्रे संपली का?" ती हसली. तीन बोटे उभी मावावीत, तेथे दोनच मावली. उजव्या गालाच्या आत नाण्याएवढा पांढरा चट्टा होता.

तंजावरला नेऊन तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, मात्र पेशी बदलू लागल्या होत्या. चट्टा काढला. आता दर तीन महिन्यांनी तिला तपासणीस नेतात. डब्यात ती बडीशेप ठेवते आणि पानमळ्यावरून जाताना माझ्या नावाने कुरकुरते, असे भाऊ सांगतो.

दर रविवारी मी दूरध्वनीवर तेच विचारते, आणि ती आरशासमोर उभी राहून मोजून सांगते. तिसरे बोट अजून आत जात नाही.