हात दिसू द्या

मुळशी, मावळ, हवेलीत गुंठ्याला सोन्याचा भाव आला, तशी गळ्यात जाड साखळी आली, दारात पांढरी फॉर्च्युनर आली आणि काहींच्या कमरेला पिस्तूलही आलं. 'लायसनचं' आहे हे लोक आवर्जून सांगतात. गावठी कट्टेवाले वेगळे आणि आम्ही वेगळे, असा त्यात एक ठसका असतो. तो अगदीच खोटा नाही. परवाना काही किराणा दुकानात मिळत नाही. पोलीस चौकशी होते, जिवाला धोका का आहे ते पटवून द्यावं लागतं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मग शहर हद्दीत पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी सही करतात. एवढ्या खटपटीने मिळालेला कागद माणूस जिवापाड जपतो. पण रात्री बारा वाजता, नाकाबंदीत, तो कागद खिशात असतो आणि पिस्तूल कमरेला. समोरच्याला आधी काय दिसेल, हा सगळा प्रश्न आहे.

पुण्यात नाकाबंदी कुणाला नवी नाही. नळ स्टॉप, स्वारगेट, चांदणी चौक, नवले पूल. लोखंडी बॅरिकेड तिरकी लावलेली, अंगावर चमकणारं जाकीट, हातात टॉर्च, आणि 'गाडी साइडला घ्या' हे वाक्य. म्हणणारा हवालदार बहुधा संध्याकाळपासून उभा असतो. त्याने त्या रात्री शंभर काचा खाली करायला लावलेल्या असतात. शंभर वेळा कुणीतरी त्याला 'मी कोण आहे माहीत आहे का' या अर्थाचं काहीतरी ऐकवलेलं असतं. आपली गाडी एकशे एकावी. आपण सज्जन आहोत हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला ते ठाऊक असण्याचं काहीच कारण नाही.

महाराष्ट्र पोलिसांना नाकाबंदी म्हटलं की एक नाव आठवतंच. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, मुंबईवर हल्ला झाला तेव्हा, दहशतवाद्यांनी पळवलेली स्कोडा गिरगाव चौपाटीवर अडवली गेली. आतल्यांनी हेडलाइट प्रखर ठेवले, काचेवर पाणी मारून वायपर चालू केले, म्हणजे पोलिसांना आतलं काही दिसू नये. मग त्यांच्यातला कसाब शरण येतो आहे असं दाखवत बाहेर आला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी एके-47 ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. साताऱ्याच्या केडंबे गावचा हा माणूस. पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ही गोष्ट प्रत्येक नवा शिपाई ऐकतो. म्हणून आपण अप्पर लाइट तसाच ठेवून, काळ्या काचा वर करून, आतला दिवा न लावता बॅरिकेडपाशी थांबतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल याचा विचार आपण करावा. त्याने आपल्या मनाचा विचार करावा ही अपेक्षा नंतरची.

माझा एक मित्र बांधकाम व्यावसायिक आहे. माणूस दिलदार, तोंडाने फटकळ. एकदा साताऱ्याकडून परतताना नवले पुलाच्या अलीकडे आम्हाला थांबवलं. हवालदाराने लायसन मागितलं, म्हणजे गाडीचं. मित्राचा हात आधी फोनकडे गेला: 'थांबा, साहेबांशी बोलून देतो.' हवालदार म्हणाला, साहेबांचं राहू द्या, लायसन दाखवा. मग मित्र चिडून पाकीट काढायला एका कुशीवर कलला, शर्ट वर सरकला आणि टॉर्चचा झोत पट्ट्यापाशी अडकला. पन्नाशीचा तो माणूस एक पाऊल मागे गेला. आवाज चढला नाही, उलट उतरला. 'हात स्टिअरिंगवर ठेवा, साहेब.' त्याही क्षणी 'साहेब' म्हणाला. पुढे काही झालं नाही. शस्त्राचा परवाना बघितला, नंबर ताडून पाहिला, गाडी सोडली. घरापर्यंत मित्र कुरकुरत होता की, इतकी वर्षं टॅक्स भरतो आणि आपल्याकडे चोरासारखं बघतात. मला राहून राहून ते मागे गेलेलं पाऊल दिसत होतं. हवालदाराच्या कमरेला काहीच नव्हतं.

अमेरिकेतली एक घटना इथे सांगायला हवी. 6 जुलै 2016 ला मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराला लागून असलेल्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टील या बत्तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाची गाडी थांबवली गेली. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा माणूस. शस्त्र बाळगण्याचा परवाना रीतसर घेतलेला. त्याने अधिकाऱ्याला शांतपणे, अदबीने सांगितलं की आपल्याजवळ शस्त्र आहे. कागदपत्रं मागितलेलीच होती. त्याचा हात हलला. सांगितल्यापासून काही सेकंदांत अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. शेजारच्या सीटवर त्याची मैत्रीण होती, मागे तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी जूनमध्ये ज्यूरीने अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. तिकडे कातडीच्या रंगाचा प्रश्न यात खोलवर गुंतलेला आहे आणि तो बाजूला ठेवून या घटनेबद्दल बोलणं अप्रामाणिक होईल. खरं बोलूनही त्या माणसाचा जीव वाचला नाही, हे कुठल्याच शिष्टाचाराच्या पुस्तकात बसत नाही.

आपल्याकडे गणित उलटं आहे. तिथे शस्त्र खिडकीच्या दोन्ही बाजूंना असतं. पुण्यातल्या नाकाबंदीत ते बहुधा फक्त गाडीतल्या माणसाकडे. तिथला परवानाधारक पोलिसाच्या भीतीचा बळी ठरू शकतो. इथे भीती वाटण्याची पाळी लाठी किंवा ब्रीथ अ‍ॅनालायझर हातात घेतलेल्या शिपायाची आहे. ज्याच्याकडे ताकद जास्त, त्याने आधी निवळायचं, एवढी साधी ही बाब. आपल्याकडच्या परवानाधारकाला मात्र नेमकं उलट वाटतं: पिस्तूल आहे म्हणजे मान मिळाला पाहिजे. या समजुतीला इतिहासही आहे. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढलं आणि मर्जीतल्यांना परवाने दिले. तेव्हापासून परवाना म्हणजे सरकारदरबारी वजन, हे जे डोक्यात बसलं ते 1959 चा नवा कायदा आला तरी गेलं नाही.

या 1959 च्या कायद्याचं एकोणिसावं कलम फारसं कुणी वाचत नाही. शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारू शकतो, गरज वाटली तर शस्त्र जप्त करू शकतो. नाव-पत्ता देण्याचं नाकारलं किंवा खोटा दिला असा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. म्हणजे कायदा मागितल्यावर दाखवा असं म्हणतो. न मागता सांगा असं त्या कलमात नाही. माझं मत असं की, तरीही सांगावं. गाडीतून उतरायला सांगितलं असेल, झडती होणार असेल, किंवा कागद काढायला हात कमरेजवळ न्यावा लागणार असेल, तर आधी तोंड उघडावं. आणि सांगताना शब्दांचा क्रम पाळावा. 'माझ्याकडे पिस्तूल आहे' या वाक्याने सुरुवात करू नये. अर्धं ऐकून माणूस दचकतो. 'साहेब, माझ्याकडे शस्त्र परवाना आहे, शस्त्र उजव्या कमरेला आहे, मी हात लावत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.' दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद, आतला दिवा चालू. काढून दाखवायचं नाही. 'बघा ना, लॉक आहे' म्हणत तर अजिबात नाही. त्याने परवाना मागितला तर तो जिथे आहे ते सांगून, सावकाश.

कागद कुठे ठेवायचे हेही घरून निघतानाच ठरवता येतं. गाडीचं लायसन मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये चालतं. शस्त्राचं पुस्तक पिस्तुलाच्या बाजूच्या खिशात न ठेवता डॅशबोर्डवर किंवा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं की निम्मा घोळ टळतो. दुचाकीवाल्याचं अवघड असतं, आणि पुणं दुचाकीवाल्यांचं शहर आहे. बंद गाडीच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून आधी बोलावं, मग उतरावं. पोलीस काय तपासतो? परवान्यावरचा शस्त्राचा नंबर, मुदत, परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर, आणि काडतुसांची संख्या. खडकीच्या कारखान्यात बनलेल्या बत्तीस बोरच्या काडतुसाच्या बुडावर के.एफ. अशी अक्षरं असतात. नोंदीपेक्षा दोन जास्त निघाली तर ती कुठून आली हे रात्री बारा वाजता समजावणं सोपं नसतं.

नियम शस्त्र मिरवू देत नाहीत. 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभा-संमेलनात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात ते नेता येत नाही. पालख्यांचा मुक्काम, विसर्जन मिरवणूक आणि पावलोपावली कॉलेज असलेल्या या गावात ही अट किती जणांच्या लक्षात असते, देव जाणे. मुलीला कॉलेजात सोडायला जाताना ते घरच्या तिजोरीत राहिलेलं बरं. पार्टीला जाताना तर नक्कीच, कारण रात्रीची नाकाबंदी मुख्यतः दारूसाठीच असते. आणि 'तू धर जरा' म्हणून ते ड्रायव्हरकडे देऊन हॉटेलात शिरणं, हा तर सरळ गुन्हा आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, गाडीच्या नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, ती ज्या पिस्तुलाने, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं.

पोलीस कागदावर विश्वास का ठेवत नाहीत, असं विचारणाऱ्यांनी हेही आठवावं. त्याच फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत गोळीबार झाला. आरोपी आमदार, हातातलं शस्त्र परवान्याचं. जुलैमध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत घराघरात पोचली. पुणे पोलिसांनी परवाना रद्द का करू नये अशी नोटीस बजावली. नोव्हेंबरात अहिल्यानगर जिल्ह्यात जम्मू-काश्मीरचे बनावट परवाने दाखवून बारा बोर बाळगणारे सुरक्षारक्षक पकडले गेले. ही सगळी एका वर्षात समोर आलेली उदाहरणं. पुस्तकावर अशोकस्तंभ असला तरी ते पुस्तक खरं आहे का, आणि खरं असलं तरी माणूस कसा आहे, हे दोन्ही प्रश्न शिपायाने विचारणं त्याच्या कामाचाच भाग आहे.

पोलिसांकडेही माझी एक मागणी आहे. परवानाधारकाने नीट सांगितल्यावर त्याला रस्त्यात गर्दीसमोर पिस्तूल काढायला लावू नये. भरलेलं शस्त्र हातोहात फिरवणं सगळ्यांनाच धोक्याचं. ते पाहायचंच असेल तर चौकीत, हाताळणी येणाऱ्या माणसासमोर पाहावं. हे ठरवून घ्यायला आयुक्तालयाला एक परिपत्रक पुरे.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहाल, त्या आठवड्यात घरच्यांना आणि ड्रायव्हरलाही बसवून एवढं सांगा: गाडी थांबवली की कुणी दार उघडायचं नाही, कुणी फोन लावायचा नाही, मोबाइलचा कॅमेरा हवालदाराच्या तोंडापुढे नाचवायचा नाही. 'पप्पांकडे पिस्तूल आहे' हे मागच्या सीटवरून मुलांनी सांगायचं नाही. ते पप्पांनीच सांगायचं, इंजिन बंद केल्यावर, दोन्ही हात दिसत असताना.