बॅक्स्टरांचा मका

बॅक्स्टरांच्या घरी कर्ता म्हणून पेनीचं नाव सांगतात. घर चालतं मात्र मक्याच्या हुकमावर.

यादवी युद्धानंतरचा काळ. फ्लॉरिडाच्या वाळवट रानात, माणसांच्या कटकटीपासून लांब, उंचवट्यावरच्या पाइनच्या झाडीत पेनीनं जमीन धरलेली. विहीर नाही, पाणी खोलगट कुंडातून वाहून आणायचं. अशा जागी उभा राहतो, हीच मक्याची प्रतिष्ठा. ताटातली भाकरी तोच. सीझर घोड्याचा दाणा तोच, कोंबड्यांचं टिपणंही तोच. डुकरांच्या अंगावर चढलेली चरबीसुद्धा शेवटी त्याचीच. स्वभावानं तो अबोल. राग नाही, लोभ नाही. हिशेब तेवढा पक्का.

लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज १९२८ साली फ्लॉरिडातल्या क्रॉस क्रीकला संत्र्याची बाग घेऊन राहिली. त्या रानातल्या कुटुंबांसोबत राहून तिनं त्यांची शिकार, पीक आणि ओढगस्त जवळून पाहिली. म्हणूनच बॅक्स्टरांची गोष्ट सांगणाऱ्या १९३८च्या ‘द इयरलिंग’मध्ये शेत नुसतं देखाव्यापुरतं येत नाही. राम पटवर्धनांनी ‘पाडस’ या नावानं ही कादंबरी मराठीत आणली. तिचे वाचक आठवण काढतात ती फ्लॅगची, त्या हरणाच्या पिल्लाची. मक्याची विचारपूस कुणी करत नाही.

फ्लॅग घरात येतो तेव्हा मक्याची काही तक्रार नसते. पेनीला विषारी साप चावतो. विष ओढून घ्यायला तो एक हरिणी मारतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो. तिचं पोरकं पिल्लू, म्हणजेच फ्लॅग, पेनीचा मुलगा ज्योडी घरी आणतो. एकुलत्या एका पोराला सोबती मिळतो. पिल्लू दूध पितं, त्याच्या अंथरुणात शिरतं. दूध पिणाऱ्याशी मक्याचं वैर कसलं?

मग आठवडाभर वादळी पाऊस कोसळतो, उभं पीक नासतं. पुढच्या हंगामावर सगळ्यांचा जीव टांगलेला. मका बोटभर वर येतो आणि वयात आलेला फ्लॅग कोवळे कोंब खुडून खातो. पेनी दुखापतीनं अंथरुणाला खिळलेला. ज्योडी एकटा पुन्हा पेरतो, कुंपण वाढवतो. फ्लॅग त्यावरूनही उडी मारतो. तो उनाड झालेला नाही. हरीण जसं वाढतं तसाच वाढला आहे. माळ्यावर बसून रात्र रात्र ज्वारी राखलेल्या माणसाला हा पेच उलगडून सांगावा लागत नाही.

पेनी सांगतो, त्याला रानात नेऊन गोळी घाल. ज्योडीचा हात उचलत नाही. शेवटी आई बंदूक उचलते. तिचा नेम कच्चा, फ्लॅग नुसता घायाळ होतो; उरलेलं ज्योडीलाच करावं लागतं. या घरात सूड कुणाच्याच मनात नाही. निकाल मक्यानं दिलाय आणि तो एका शब्दानंही बोललेला नाही.

बापावर चिडून ज्योडी पळून जातो. नदीवर उपाशी भटकताना भूक त्याला कळते, ताटावर बसून कधीच कळली नव्हती अशी. एक टपालबोट त्याला उचलते आणि तो घरी परततो. बापाच्या हातून आता शेत होणार नाही. मका क्षमा मागत नाही. पुढच्या हंगामात तो पेरायचा आहे, आणि पेरणार ज्योडीच.