वाफसा, पाणंद आणि ऑल-टेरेन टायर

‘ऑल-टेरेन’ टायर डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठी घडवलेला असतो. त्याच्या नक्षीतील रबरी ठोकळे साध्या टायरपेक्षा मोठे आणि त्यांच्यामधल्या खाचा अधिक रुंद असतात, परंतु खास चिखलासाठी बनवलेल्या ‘मड-टेरेन’ टायरइतक्या त्या रुंद नसतात. महाराष्ट्रात दूध, भाजीपाला किंवा चारा वाहणाऱ्या पिकअप गाड्यांच्या चालकांना या मधल्या जातीच्या टायरचा जो अनुभव येतो, तो मुख्यतः जमिनीच्या जातीवर ठरतो, आणि नावातल्या ‘ऑल’ या शब्दाची खरी कसोटी काळ्या रानात लागते.

मुरमावर, म्हणजे झिजलेल्या खडकाच्या भरड मातीवर, हा टायर आपले काम चोख करतो, कारण ठोकळ्यांच्या कडा खड्यांत रुतून पकड घेतात. कोकणातील जांभ्याच्या वाटांवरही अनुभव बहुधा समाधानाचाच असतो. नव्याने फोडलेली खडी मात्र धारदार असते, ती खाचांत अडकून डांबरावर टकटक वाजत राहते, आणि तिच्यामुळे टायरची बाजू चिरली तर साधे पंक्चर काढून भागत नाही.

काळ्या मातीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज पाणी शोषून फुगते, त्यामुळे उन्हाळ्यात भेगाळलेली पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, पावसात लोण्यासारखी मऊ होते. चाकाच्या चार फेऱ्यांत माती खाचांत गच्च बसते, नक्षी दिसेनाशी होते आणि महागडा टायर गुळगुळीत टायरसारखा नुसता जागीच फिरू लागतो. चालक खाली उतरून टामीने खाचा कोरतो, मातीच्या लांबट वड्या निघतात, आणि गाडी थोडी पुढे सरकताच त्या खाचा पुन्हा भरतात. अशा वेळी जोर वाढवला की चाकोरी खोल होऊन गाडी पोटावर टेकते. म्हणून जाणते चालक वाफशाची, म्हणजे माती पायाला चिकटणार नाही इतकी सुकण्याची, वाट पाहतात. हा संयम कोणत्याही नक्षीपेक्षा मोलाचा आहे, असे निःशंकपणे म्हणावे लागते.

झिजेचे गणितही येथे वेगळे आहे. खाचेच्या तळाशी असलेली खूण, म्हणजे झीजदर्शक, 1.6 मिलिमीटर खोली उरल्यावर ठोकळ्यांच्या पातळीला येते. पण चिखलातली पकड त्याच्या बऱ्याच आधी संपलेली असते. ओल्या घाटात तर नवा ऑल-टेरेनही डांबरासाठीच बनवलेल्या चांगल्या टायरइतका लवकर थांबेलच असे नाही, कारण रुंद खाचांमुळे डांबराला टेकणारे रबर कमी पडते.

मऊ जमिनीवर रिकाम्या गाडीच्या टायरमधली हवा थोडी उतरवल्यास टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर विभागले जाते आणि रुतणे कमी होते, हे चालकांना सरावाने ठाऊक असते. तीच कमी हवा माल भरलेल्या गाडीला आणि वेगाला घातक ठरते, कारण बाजूचे रबर सतत दुमडून तापते आणि टायर फुटू शकतो. तेव्हा पाणंदीतून डांबरावर आलेल्या चालकाने जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश जावे, आणि हवा पूर्ववत भरल्याशिवाय गाडीत माल चढवू नये.