वाया जाणारा उजेड

घरात तसवीर टांगायची नाही आणि पोट मात्र तसविरीवरच भरायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता. अब्बांचा चिपळूणमध्ये छोटा स्टुडिओ होता. सत्तरच्या दशकात कोकणातली मुसलमान पोरं आखाती देशांकडे निघाली, तेव्हा प्रत्येकाला पासपोर्टसाठी फोटो लागायचा. अब्बा एका पोराला स्टुलावर बसवत, हनुवटी वर करायला सांगत आणि खटका दाबत. आमच्या शाळेची फी, घरची कौलं, ईदचे कपडे सगळं त्या खटक्यातून आलं. तसवीर जायज की नाजायज, यावर मोहल्ल्यात वाद चालायचा. वाद घालणारे बुजुर्गही हजला जायची वेळ आली की अब्बांसमोरच्या त्याच स्टुलावर येऊन बसत. अब्बा त्यांना कधी टोमणा मारत नसत. फक्त हनुवटी वर करायला सांगत.

अम्मी मात्र कॅमेऱ्यासमोर कधी आली नाही. हजच्या पासपोर्टचा एक फोटो सोडला, तर तिचा स्वतःचा असा फोटो नव्हता. घरातल्या जुन्या फोटोंत आम्ही तिघं भावंडं मधोमध उभी आहोत. आणि अगदी कडेला, दाराच्या चौकटीशी, कधी तिच्या ओढणीचं टोक, कधी बांगड्यांचा हात, कधी पडद्याआडून डोकावणारा अर्धा चेहरा. अब्बा फोटो छापताना कडा कधी कापत नसत. का, ते आम्हांला फार उशिरा कळलं.

हे घरचे फोटो अब्बा स्टुडिओच्या कॅमेऱ्यावर काढत नसत. त्यासाठी वेगळा झेनिट होता. मामू जहाजावर खलाशी होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून तो आणून दिलेला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात झेनिट-ई १९६५पासून तयार होऊ लागला. वजन विटेसारखं आणि आवाज कुलूप पडल्यासारखा. पुढे ५८ मिलिमीटरची हेलिऑस ४४-२ ही लेन्स, जास्तीत जास्त उघडली की एफ-२. ही लेन्स म्हणजे युद्धापूर्वीच्या जर्मन बिओटारची रशियन बहीण. हिच्या चित्रात मधला चेहरा स्वच्छ येतो आणि मागची झाडंझुडपं कडेकडेला भोवऱ्यासारखी गोल फिरल्यासारखी दिसतात.

झेनिटचा शटर एक तीसांश सेकंदाहून सावकाश चालत नसे. त्याखाली एकदम ‘बी’, म्हणजे बोट दाबून ठेवाल तितका वेळ. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म, आमचं अंधारं माजघर आणि हा शटर. उजेडाचा हिशेब अब्बांना पैशाच्या हिशेबासारखाच घालावा लागे. लांबचं जवळ दिसावं म्हणून त्यांनी एकदा डबलर घेतला होता. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचं एक भिंग. त्यानं ५८ची लेन्स ११६ची झाली खरी, पण एफ-२चा एफ-४ झाला. उजेड चौथा हिस्साच उरला. ईदगाहवरच्या जमातीचे काढलेले फोटो काळपट आले. तेव्हापासून अब्बांचं मत पक्कं झालं, मध्ये आणखी काच घातली की ती उजेड खाते.

२००५च्या जुलैतल्या पुरात वाशिष्ठीचं पाणी स्टुडिओत शिरलं. तीस वर्षांच्या निगेटिव्ह चिखलात एकमेकींना चिकटल्या. अब्बांनी त्या पाटीत भरून स्वतःच्या हातानं टाकल्या आणि स्टुडिओ बंद केला. तोवर डिजिटलही आलंच होतं. घरचे काही फोटो वाचले, कारण त्यांच्या प्रती मुंबईला खालाच्या अल्बममध्ये होत्या. मग २२ जुलै २०२१चा पूर आला. या वेळी पाणी माडीच्या जिन्यावर चढलं. ते ओसरल्यावर माळा रिकामा करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत कापडात गुंडाळलेला झेनिट आणि सोबत सुके तांदूळ. झेनिटचा शटर गंजून बसला होता. पण लेन्सची कडी फिरवली, तर अजून लोण्यासारखी फिरत होती. आतल्या काचेच्या एका कोपऱ्यात कोकणच्या दमट हवेची बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी धरली होती, तेवढंच.

धाकटा तेव्हा दोह्याला नोकरीला होता. सुट्टीत येताना त्यानं वापरलेला सोनीचा ए६००० आणला होता. २०१४ साली बाजारात आलेला, आरसा नसलेला कॅमेरा. जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाला जागा सोडावी लागे. झेनिटसारख्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४५.४६ मिलिमीटर. सोनीत आरसाच नाही, म्हणून अंतर फक्त १८ मिलिमीटर. मधले सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी लावली की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते. आम्ही तशी नळी मागवली. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लेन्स नसतानाही फोटो घे’ हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर तो जुन्या लेन्सला ओळखच देत नाही. ते शोधण्यात आमची एक दुपार गेली.

फोटो निघाले. पण अब्बांनी स्क्रीन पाहून मान हलवली. ‘ही आपली लेन्स नाही.’ कारण कळायला वेळ लागला नाही. हेलिऑस जे चित्र पाडते ते ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी. सोनीचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. चित्र पूर्ण पडतं, पण त्याचा मधलाच तुकडा उचलला जातो. ५८ची लेन्स ८७ची असल्यासारखं दिसतं. माजघरात पाठ भिंतीला टेकली तरी चौकटीत माणसं मावत नाहीत. कडेचा भोवरा गेला, दाराची चौकट गेली. अम्मीची ओढणी जिथं सापडायची, नेमकी तीच जागा गेली.

यावर उपाय असल्याचं मधल्या बहिणीनं वाचलं. फोकल रिड्यूसर. नळीच पण पोकळ नव्हे, आत भिंगं बसवलेली. डबलर चित्र पसरवतो, हा ते आवळतो. दुर्बिणी वापरणाऱ्यांना ही युक्ती आधीपासून माहीत होती. जानेवारी २०१३मध्ये मेटाबोन्स या कंपनीनं ब्रायन कॉल्डवेल या भिंगतज्ज्ञाच्या आराखड्यावरून आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी ‘स्पीड बूस्टर’ आणला. त्याची पट ०.७१. म्हणजे ५८ची लेन्स ४१ची होते आणि छोट्या सेन्सरवर साधारण ६२सारखी दिसते, जवळजवळ जुनी होती तशीच. पहिला बूस्टर ५९९ डॉलरचा होता. आम्ही त्याच तऱ्हेचा, नाव न घेण्याजोगा स्वस्त नमुना मागवला.

खरी गंमत उजेडाची. ०.७१चा वर्ग केला तर जवळपास अर्धा येतो. म्हणजे लेन्समधून आलेला तोच उजेड अर्ध्या जागेत गोळा होतो. साहजिकच तिथं तो दुप्पट होतो. एफ-२ची लेन्स एफ-१.४सारखी वागते. आम्ही हे अब्बांना सांगितलं, तर ते हसले. ‘काच घालून उजेड वाढतो? तीस वर्षं मी काय भाजी विकली?’

मग परीक्षा ठरली. माजघरात दिवा एकच, तोच कोनाडा, तोच तांब्या, तीच आयएसओ. साध्या नळीनं कॅमेऱ्यानं वेळ दाखवली एक पंधरांश सेकंद. नळी काढून रिड्यूसर लावला. एक तीसांश. अब्बांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतः दोन्ही काढून-घालून पाहिलं. बराच वेळ ते तांब्याकडे बघत बसले.

‘वाढला नाही,’ शेवटी म्हणाले. ‘आधी बाहेर सांडत होता. आता सांडत नाही. बरकत म्हणतात ती हीच.’

आम्ही इतकी गणितं केली होती, पण एवढं सोपं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

दोष होतेच. चित्राचे कोपरे मऊ पडत. समोरून ऊन आलं की मधोमध निळसर डाग उमटे, आतल्या काचांवरून उजेड उलटसुलट फिरल्यामुळं. आणि दूरचं काही स्पष्ट होईना. कडी शेवटपर्यंत फिरवली तरी डोंगर धूसर. अब्बांनी घड्याळजीचा पेचकस मागितला. आतल्या भिंगाचा गट एका बारीक स्क्रूनं धरलेला होता. तो सैल करून भिंग किंचित आत-बाहेर फिरवता येतं. पण नेम धरायचा कशावर? चौदाव्या रात्रीचा चांद अंगणावर आला होता. अब्बा खुर्चीत, कॅमेरा तिपाईवर, स्क्रीनवर मोठा केलेला चांद. केसभर फिरवायचं, लेन्स बसवायची, बघायचं. चार-पाच वेळा केल्यावर चांदावरचे डाग उघडे पडले. ‘रमजानचा चांद दिसल्यासारखे आनंदलात,’ अम्मी आतून म्हणाली.

तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फ्लॅश सहन होत नसे. शिवाय तब्येतही उतरत चालली होती. बहीण तिच्या मागे लागली, एक तरी फोटो. अम्मी बरेच दिवस टाळत राहिली. मग एक दिवस असरनंतर ओटीवरच्या खिडकीशी बसली असताना म्हणाली, ‘त्यांनी काढला तर काढू दे. पण भिंतीला लावायचा नाही.’

अब्बांना फाइंडरमधून आता काही दिसत नव्हतं. पण या कॅमेऱ्यात चित्राचा तुकडा स्क्रीनवर मोठा करता येतो आणि जे स्पष्ट असेल त्याच्या कडेला लाल रेघ उमटते. आम्ही कॅमेरा धरला, अब्बांनी कडी फिरवली. अम्मीच्या चष्म्याच्या काडीवर लाल रेघ आली, गेली, पुन्हा आली. खिडकीतला उजेड उतरत होता. एक साठांश सेकंद. साध्या नळीनं एक तीसांश झाला असता आणि अब्बांचा हात तेवढा वेळ स्थिर राहिला नसता. त्यांनी सवयीनं तिला हनुवटी वर करायला सांगितली. अम्मी हसली. खटका तेव्हाच दाबला गेला.

२०२३मध्ये अम्मीचा इंतकाल झाला. अब्बा आहेत, फारसं बोलत नाहीत. आता मोठ्या सेन्सरचे जुने कॅमेरे हाताशी येतील अशा भावात मिळतात. त्यांच्यावर हेलिऑस साध्या नळीनं पूर्ण चित्र देते, रिड्यूसरची गरज उरत नाही. धाकटा म्हणतो, तसा घेऊया. आम्ही अजून घेतलेला नाही.

फोटोवरून आमच्यात वाद आहे. बहीण म्हणते, एवढा एकच फोटो, तोही डब्यात? निदान तिच्या घरी तरी लावू द्या. थोरला म्हणतो, अम्मीचा शब्द होता. धाकटा दोघांना गप्प करतो आणि फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरतो, त्यावर कोणाला काही म्हणता येत नाही. तूर्त तो बिस्किटांच्या त्याच डब्यात, कोरड्या तांदळाशेजारी आहे. ईदला आम्ही जमलो की डबा खाली येतो.

फोटोत या वेळी अम्मी मधोमध आहे. मागची फणसाची पानं गोल फिरलेली आहेत. आणि अगदी कडेला, भिंतीला टेकवून ठेवलेली अब्बांची काठी आली आहे. साध्या नळीनं ती नक्कीच कापली गेली असती.